डॉक्टर न होणाऱ्यांचे वैद्यक

२०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. डोंबिवलीला बहिणीकडे सहज म्हणून गेलो, तो दारातच पाऊल अडखळले. घरात माणसे चार, पण आवाज फक्त पंख्याचा. बहीण स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. भावोजी वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान मात्र अर्ध्या तासात उलटले नसावे. आजी जपमाळ ओढीत होत्या. आणि भाची आतल्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधीत होती.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला होता. परीक्षेचे नाव 'नीट', पण तिच्यापायी घडी विस्कटलेली घरेच अधिक. त्या वर्षी तेवीस लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली, देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा लाख-सव्वालाखाच्या घरात. म्हणजे एका खुर्चीमागे वीस जण उभे. एकोणीस जणांनी परत फिरायचे, हे परीक्षेपूर्वीच ठरलेले असते. ते एकोणीस जण आपल्या घरातले नसतील, एवढीच प्रत्येक आईबापाची समजूत असते.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसेल," भावोजी मला म्हणाले. "तुम्हीच सांगा तिला. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं!"

तेवढ्यात ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. "मामा, मी पुन्हा बसणार नाही. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करणार. आणि मायनरला वैद्यकीय जीवशास्त्र घेणार."

आजींची जपमाळ थांबली. "मायनर? म्हणजे ते बारीकसं ऑपरेशन असतं, तेच ना गं? आमच्या शेजारणीच्या डोळ्याचं झालं होतं."

त्या दुपारी त्या घरात पहिल्यांदा कोणी हसले असेल, तर ते तेव्हा. पण खरे सांगायचे तर माझी समजूतही आजींपेक्षा फारशी वेगळी नव्हती. डॉक्टरकीचे पक्वान्न हुकले म्हणून पानाच्या कडेला वाढलेली चटणी, असेच मला त्या 'मायनर'बद्दल वाटले. गेल्या दीड वर्षात त्या पोरीच्या वह्या चाळून, तिच्याशी वाद घालून आणि शेवटी घरातच आलेल्या एका प्रसंगामुळे माझे मत पार बदलले आहे. तेच येथे सांगावयाचे आहे.

मुख्य आणि दुय्यम

ही 'मेजर-मायनर'ची भाषा नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आपल्याकडे रूढ होऊ लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक धरले आहेत. त्यांपैकी निदान ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे. चार वर्षे शिकणाऱ्याला हेच आकडे १६०, ८० आणि ३२ असे होतात. राज्याराज्यांत आणि विद्यापीठाविद्यापीठांत ते थोडे खालीवर होतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तासांची व्याख्याने किंवा तीस तासांची प्रात्यक्षिके. तेव्हा २४ श्रेयांकांत आठ जरी प्रात्यक्षिकांचे धरले, तरी हिशेब ४८० तासांचा होतो. चटणी म्हणून एवढे कोणी वाढत नाही!

अर्थात कल्पना नवी नाही. मुंबई विद्यापीठात पूर्वी 'प्रिन्सिपल' आणि 'सबसिडिअरी' अशी जोडी असे. १९३३ साली रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम घेऊन एक मुलगी पदवीधर झाली आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करून बसली. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन. मुलींना घ्यावयाचे नाही, हा त्यांचा बाणा. ही मुलगीही हटेना. अखेर एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर तिला प्रवेश मिळाला. ती कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळवली ती वनस्पतींच्या पेशींतील श्वसनात भाग घेणाऱ्या 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावरच्या कामासाठी. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांवर आणि नीरेवर काम केले ते कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायांच्या पोषणासाठी. रसायनशास्त्रातून निघालेली वाट माणसाच्या शरीरापर्यंत अशी येऊन पोचली. डॉक्टर त्या होत्या, पण स्टेथोस्कोपवाल्या नव्हत्या.

ही गोष्ट मी भावोजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सगळ्याच काही कमला सोहोनी नसतात." खरे आहे. पण नीटला पुन्हा बसणाऱ्या सगळ्याच काही आनंदीबाई जोशीही नसतात, हे मी मनातच ठेवले.

काचपट्टीवरचा थेंब

या दुय्यम विषयात शिकवतात तरी काय? नाव सगळीकडे एकच नसते. कुठे तो प्राणिशास्त्राच्या खात्यातून चालतो, कुठे सूक्ष्मजीवशास्त्राच्या, कुठे जीवरसायनाच्या. पण गाभा बहुतेक सारखा: पेशी, रक्त, शरीरक्रिया, आनुवंशिकता, रोगजंतू आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था. आपल्यापैकी कित्येकांना जीवशास्त्र म्हटले की मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक आठवेल. तो आता सुटला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्रातले विच्छेदन बंद करण्यास सांगितले. हल्लीच्या पोरांचे बोट तेवढे टोचले जाते, तेही स्वतःचे.

माझ्या भाचीचे पहिले प्रात्यक्षिक तेच होते. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब. एकात 'ए'विरोधी द्रव टाकायचा, दुसऱ्यात 'बी'विरोधी. ज्या थेंबात तांबड्या पेशींच्या बारीक गुठळ्या दिसतील त्यावरून गट ठरवायचा. दोन्हींत दिसल्या तर 'एबी', कशातच नाही तर 'ओ'. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगटांचा जो शोध प्रसिद्ध केला, त्याचीच ही पाच मिनिटांची उजळणी. त्याआधी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे जुगार होता. कोणी वाचे, कोणी मरे, आणि का ते कळत नसे.

भाचीच्या दोन्ही थेंबांत गुठळ्या नव्हत्या. तिने वहीत 'ओ' असे लिहिले. बाईंनी वही पाहिली आणि विचारले, "कशावरून?"

"दोन्हीकडे काही झालं नाही म्हणून."

"म्हणजे 'ए' नाही आणि 'बी' नाही, एवढंच कळलं. 'ओ' आहे हे कुठे कळलं?"

पोरगी गप्प. मलाही तिने हाच प्रश्न घातला तेव्हा मी गप्प झालो. या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच सापडलेले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची हकीकत प्रसिद्ध केली. साऱ्या जगात तो आज 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही.

भानगड अशी आहे. 'ए' आणि 'बी' ही द्रव्ये तांबड्या पेशीच्या अंगावर आपोआप चिकटलेली नसतात. ती 'एच' नावाच्या एका पायाभूत द्रव्यावर उभी राहतात. वाड्याला जसे जोते, तसे हे 'एच'. जोत्यावर 'ए'चा मजला चढला तर गट 'ए', 'बी'चा चढला तर 'बी', दोन्ही चढले तर 'एबी'. 'ओ'वाल्यांकडे मजला नसतो, पण जोते भक्कम असते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतेच नाही! मग मजला चढणार कशावर? काचपट्टीवर 'ए' दिसत नाही, 'बी' दिसत नाही, आणि घाईघाईने आपण 'ओ' लिहून मोकळे होतो. पण या माणसाचे शरीर 'एच' हे परके द्रव्य मानते आणि त्याच्याविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये बाळगते. 'ओ' रक्तात तर 'एच' ठासून भरलेले. कोणालाही चालणारे म्हणून ज्याची ख्याती, ते 'ओ' रक्त अशा माणसाला दिले तर त्याच्या जिवावर बेतते. त्याला रक्त चालते ते फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचे. आणि असा माणूस भारतात साधारणपणे दहा हजारांत एक.

चूक पकडायचा मार्ग अगदी साधा आहे. आतापर्यंत आपण माणसाच्या पेशी घेऊन बाहेरचा द्रव टाकला. आता उलट करायचे. त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे रक्तजल, घ्यायचे आणि त्यात खात्रीच्या 'ओ' पेशी सोडायच्या. तो खराच 'ओ' असेल तर काही होणार नाही. गुठळ्या झाल्या तर थांबायचे आणि जाणत्याला बोलवायचे. रक्तपेढीत ही उलटतपासणी करतातच.

यात आनुवंशिकतेचा धडाही आपसूक येतो. जोते घालणारा जनुक आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला आला तरच मूल बॉम्बे गटाचे होते. म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव अधिक. आणि बॉम्बे गटाच्या आईच्या अंगात 'ए'चा जनुक मुका होऊन बसलेला असू शकतो. बापाकडून मुलाला जोते मिळाले की आईच्या रक्तात कधीच न दिसलेला 'ए' मुलाच्या रक्तात उमटतो. बापाकडेही 'ए' नसेल, तर तक्त्यावर बोट ठेवून मुलाच्या जन्माविषयी शंका घेणाऱ्या शहाण्यांनी हे एकदा शिकून घ्यायला हरकत नाही.

"सहा महिन्यांत मी एवढंच शिकले," भाची म्हणाली, "की काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं लिहायचं नसतं." बारावीच्या दोन वर्षांत रक्तगटांवरचे शेकडो प्रश्न तिने चार पर्यायांतून टिपले होते. 'कशावरून' हा पाचवा पर्याय तिथे नव्हता.

एक चिमटा जमिनीवर पडला

रोगजंतूंच्या प्रात्यक्षिकांना तिचा धीर जरा खचला. आगरच्या बशीवर जंतू वाढवायचे म्हणजे आधी तारेचा आकडा ज्योतीवर लाल होईपर्यंत धरायचा, मग तो निवू द्यायचा, बशीचे झाकण बोटभरच उचलायचे, बाटलीचे तोंड ज्योतीवरून फिरवायचे, हात टेबलावर टेकवायचा नाही, बोलायचे नाही. सोवळ्यातला स्वयंपाक परवडला! "आजीचं सोवळं मी इतकी वर्षं चेष्टेवारी नेलं," ती म्हणाली, "आता माझीच चेष्टा होते आहे."

हे सोवळे कशासाठी, ते समजून घ्यायचे तर परळलाच जावे लागेल. तिथे हाफकिन संस्थेची जुनी इमारत आहे. एके काळी ते गव्हर्नरांचे निवासस्थान होते. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मुंबईकरांना बसच्या पाट्यांवरून ठाऊक असते. ते डॉक्टर नव्हते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ओडेसात ते प्राणिशास्त्र शिकले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पहिली नोकरी धरली ती ग्रंथालयातली. १८९२ मध्ये स्वतः तयार केलेली पटकीची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांना येथे धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवरचा प्रयोग त्यानंतरचा.

मग १९०२ चा ऑक्टोबर महिना उजाडला. पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी (आता ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी बसली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. लस निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिन यांनी बदलली होती, तेच कारण धरले गेले. त्यांना काम सोडावे लागले. डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरांच्या राज्यात काम केल्याचा सल काहींच्या मनात आधीपासून होताच.

पण बाटली मुंबईतच बिघडली होती का? मुल्कोवालला ती ज्या चिमट्याने उघडली, तो चिमटा आधी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे कागदोपत्री होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. जंतू कित्येक दिवस आत वाढत राहिले असते तर ती आल्यावाचून राहती ना. हे मुद्दे हिवतापाच्या डासामुळे नोबेल मिळवलेले सर रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये उघडपणे मांडले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मधली पाच वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. पुन्हा ते कलकत्त्याला आले खरे, पण पूर्वीचे काम त्यांच्या हाती आले नाही. आणि त्या एकोणीस जणांच्या घरी काय परत द्यावयाचे?

भाचीने हे वाचले त्या दिवसापासून प्रयोगशाळेत तिच्या हातून काही खाली पडले की ती उचलते आणि बाजूला ठेवते. झटकून वापरत नाही. घरात चमचा पडला तरी तेच. बहीण वैतागते.

हाफकिन यांच्यासारखी माणसे वैद्यकात अपवाद म्हणून येत नाहीत, हे मला हळूहळू दिसू लागले. लुई पाश्चर रसायनशास्त्रज्ञ. १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या पोराला त्यांची लस टोचायला डॉ. ग्रांशे यांचा हात लागला, कारण पाश्चरना तो परवाना नव्हता. अलीकडचे उदाहरण वेंकटरामन रामकृष्णन यांचे. १९७१ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट घेतली, आणि एवढे झाल्यावर कॅलिफोर्नियात पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. पेशीतल्या रायबोसोमची, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या कारखान्याची, रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. कित्येक प्रतिजैविके जंतूंच्या याच कारखान्याला टाळे ठोकतात. कुठे आणि कसे, हे त्यामुळे स्पष्ट दिसू लागले.

रक्तपेढीचा फोन

आता घरातला तो प्रसंग. गणेशोत्सवात सोसायटीत रक्तदान शिबिर झाले. भावोजींनी दरवर्षीप्रमाणे रक्त दिले, बिस्किटाचा पुडा घेतला आणि विसरून गेले. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला. "तुमच्या रक्ताच्या एका चाचणीत शंका आहे, भेटून जा." गेले तर समजले, हेपटायटिस सी या काविळीच्या विषाणूची प्राथमिक चाचणी 'रिअॅक्टिव्ह' निघाली होती. पुढची तपासणी करून घ्या, असे त्यांनी नीट समजावून सांगितले होते. पण शब्द एकच कानात शिरला, बाकीचे बाहेरच राहिले.

मला रात्री दहाला फोन. पोचलो तर पुन्हा तोच पंख्याचा आवाज. भावोजींनी मोबाइलवर यकृत, कर्करोग इथपर्यंत मजल मारली होती. आपला पेला त्यांनी वेगळा ठेवला होता. बहिणीच्या डोळ्यांना धार.

भाची आली आणि तिने भिंतीवरचे कालनिर्णयचे मागल्या महिन्याचे पान फाडून उलटे केले. "बाबा, मी यातली डॉक्टर नाही. पण हिशेब करू शकते. समजा, लाख माणसांत पाचशे जणांना हा संसर्ग आहे. आणि समजा, चाचणी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असते. मग पाचशेंपैकी ४९५ जण सापडले. बरोबर?"

"बरोबर."

"उरलेले ९९,५०० जण निरोगी. त्यांच्यातही शंभरात एकाला चाचणी चुकून पकडते. म्हणजे ९९५ जण. एकूण १,४९० जणांना रक्तपेढीतून फोन जाणार. त्यांतले खरे किती? ४९५. तिघांत एक."

भावोजी आयुष्यभर बँकेत आकड्यांत वावरलेले. त्यांनी कागद ओढून घेतला, पुन्हा बेरीज केली, मग वजाबाकी केली. चाचणी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर आणि तरी फोन आलेल्या तिघांतले दोघे निरोगी! हे एकदम पचत नाही. रोग जेवढा विरळा, तेवढे खोट्या होकारांचे प्रमाण जास्त, हे सूत्र स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात फळ्यावर असते. पण त्याला विषाणू, प्रतिद्रव्य आणि बापाचा चेहरा जोडला गेला तो दुय्यम विषयामुळे.

"म्हणजे मला काही झालेलं नाही," भावोजी म्हणाले.

"असं मी म्हटलं नाही," ती म्हणाली. "आकडे मी समजा म्हणून घेतलेत. आणि तिघांतले एक तुम्हीसुद्धा असू शकता. उद्या डॉक्टरांकडे जायचं. या चाचणीत प्रतिद्रव्यं बघतात. पुढच्या चाचणीत प्रत्यक्ष विषाणू आहे का ते बघतात. आणि असलाच तरी त्यावर आता औषधं आहेत, बहुतेक लोक बरे होतात. तो पेला आत ठेवा, पेल्यानं हा रोग पसरत नाही."

त्या रात्री मला ती पोरगी पहिल्यांदा मोठी वाटली. धीर देणारे पुष्कळ असतात. 'काही होत नाही हो' म्हणायला शिक्षण लागत नाही. ती ते म्हणाली नाही, आणि तरीही घर झोपले.

दुसऱ्या तपासणीत रक्तात विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, पहिली चाचणी चुकली असेल, किंवा पूर्वी कधी संसर्ग होऊन आपोआप गेला असेल. आज इलाज करण्यासारखे काही नाही. भावोजींना 'किंवा' रुचला नाही. भाचीला तोच फार आवडला.

घेण्यापूर्वी

एवढे ऐकून उद्या कोणी डोळे मिटून हा विषय घेईल, तर ते बरे नव्हे. दुय्यम विषय घेऊन कोणी डॉक्टर होत नाही, प्रयोगशाळेच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार मिळत नाही, शेजाऱ्यांना गोळ्या सुचवण्याचा तर नाहीच. पुढे याच विषयात एम.एस्सी. करायची असेल तर बऱ्याच ठिकाणी तो मुख्य विषय होता का, हे विचारतात. तेव्हा प्रवेशाचे नियम पहिल्या वर्षीच वाचावेत, तिसऱ्या वर्षी रडू नये. उपयोग होतो तो जोडीत. संगणक शिकलेल्याला इस्पितळाच्या नोंदी समजतात, स्टॅटिस्टिक्सवाल्याला औषधांच्या चाचण्यांचे आकडे, भौतिकशास्त्रवाल्याला क्ष-किरण आणि एम.आर.आय.ची यंत्रे, वार्ताहराला साथीची बातमी. बारावीला जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना घेतात की नाही, हेही त्या त्या कॉलेजात विचारावे.

आणि प्रयोगशाळा आधी पाहून यावी. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात हाच विषय मोठ्या थाटाने जाहीर झाला. वर्षभर प्रात्यक्षिके झाली ती फळ्यावर. साठ मुलांत सूक्ष्मदर्शक दोन, त्यांतल्या एकाचा आरसा फुटलेला. वह्या मात्र सगळ्यांच्या पूर्ण, आकृत्या सुबक, आणि उत्तरे सगळ्यांची सारखीच बरोबर. तिथे ज्याने काचपट्टीवर स्वतःच्या रक्ताचा थेंब कधी पाहिलाच नाही, त्याला 'कशावरून' हा प्रश्न कोण विचारणार? शिक्षक मनाचे बरे होते. मागणी-अर्ज लिहून लिहून त्यांची शाई संपली होती.

यंदा दिवाळीच्या फराळाला बहिणीकडे गेलो. भावोजींनी ते कालनिर्णयचे पान घडी घालून पाकिटात ठेवले आहे आणि आल्यागेल्याला हिशेब समजावतात. पाचशेच्या जागी हजार धरले तर काय होते, तेही. भाची चकल्या खात पेशींची चित्रे काढीत होती. आजींनी तिच्यापुढे बोट धरले.

"अगं, सगळ्यांची रक्तं बघतेस, माझं कुठलं ते सांग की."

"आजी, घरी नाही बघायचं असं. सोमवारी रक्तपेढीत नेते, तिथं विचारू."

"विचारायचं काय त्यात?" आजी म्हणाल्या. "मी जन्मले गिरगावात. माझं बॉम्बेच असणार."